बोटाने गळती शोधणारे

तिरोड्याच्या रस्त्यावर धानकापणीच्या मशिनी दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपात मी काही वर्षं काम केलं. तिथे हवेवर चालणारा ग्रीसचा पंप होता. त्याची नळी गळायला लागली, की हवा चालू ठेवूनच नळीवरून बोट फिरवायचं. बोटाला चिकट लागलं की गळती सापडली. हवा बंद करून, नळीच्या टोकाचा बंदुकीसारखा घोडा दाबून आतलं प्रेशर सोडणारा माणूस तिथे भित्रा ठरायचा. असले एकेक दीडशहाणे!

सगळ्यांत मोठा शहाणा म्हणजे आमचा मिस्त्री. तोंडात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि खिशात त्यासाठी चुन्याची डबी. पंपासोबत आलेला हिंदी कागद मी एकदा सगळ्यांना वाचून दाखवला होता. गळती पुठ्ठ्याच्या तुकड्याने शोधा, बोटाने नाही. कातडीत ग्रीस शिरलं तर भोक कितीही बारीक असो, तडक सर्जनकडे जा.

"मास्तर आला जी आमचा!" मिस्त्री म्हणाला. "कागद वाचून मशीन चालते का बे?"

सगळे खिदळले. तो कागद दुसऱ्या दिवशी आलूबोंड्यांखाली गेला.

मग ऐन कापणीत एक मशीन आली. शेतकरी डोक्यावर उभा, मशीनच्या चाकांऐवजी असलेला पट्टा ताणायला ग्रीस भरायचं, आणि नेमकी नळी गळू लागली. मिस्त्रीने सवयीने बोट फिरवलं आणि एकदम हात झटकला. डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर सुईच्या टोकाएवढा ठिपका होता. रक्ताचा थेंबही नाही.

"दवाखान्यात जायचं का?" मी विचारलं.

"कायले? रगत तरी निघाला का? मुंगी चावल्यावानी झाला."

त्याने डबीतला चुना ठिपक्यावर फासला आणि कामाला लागला. मला त्याची किळस आली. मर म्हटलं मनात. कागदावरचं अक्षर न् अक्षर मला आठवत होतं, पण पुन्हा 'मास्तर' कोण म्हणवून घेणार? बाकीचे हसले तेव्हा मीही हसलो.

संध्याकाळपर्यंत बोट जड झालं. सकाळी ते काळंनिळं होऊन मनगटापर्यंत सूज चढली होती. गोंदियाच्या दवाखान्यात मीच त्याला मोटरसायकलवर नेलं. डॉक्टरने हात पाहिला आणि त्याचा चेहराच उतरला. ग्रीस आत पसरलं होतं, हात तळव्यापर्यंत चिरावा लागणार होता, आणि बोट काही राहत नव्हतं.

"कल ही क्यों नहीं लाए? कुछ घंटों में आते तो शायद बच जाता," तो माझ्यावर खेकसला. "साथ में कौन था? किसी को मालूम नहीं था?"

खाटेवरून मिस्त्रीच बोलला. आवाज अगदी मऊ झाला होता.

"इसको मत बोलो साहब. मेरेकोच मालूम नहीं था, इसको काय मालूम रहेगा?"

त्याला कागदाची आठवणच नव्हती. मला शब्दन् शब्द पाठ होता. डॉक्टर माझ्या उत्तराची वाट पाहत होता.

"नहीं साहब," मी म्हणालो. "मालूम नहीं था."