नारळ ठेवला आणि महादेव येईनात

आमच्या घरात महादेव कॉम्प्युटरवर यायचे आणि मी कॉम्प्युटरला हात लावला की निघून जायचे.

लग्न होऊन मी धारूरला आले ती अंबाजोगाईचा कॉम्प्युटर डिप्लोमा घेऊन. सासरी सरकी-पेंडीचं दुकान. गावातल्या म्हशींचा खुराक आमच्याकडून जायचा, त्यामुळे गावात आमच्या घराला मान होता (निदान म्हशींत तरी होता). सासऱ्यांना मी मामा म्हणायची आणि सासूबाईंना आत्याबाई. दुकानाला लागून रस्त्यावरची एक खोली होती. त्या खोलीत मला मुलींसाठी कॉम्प्युटरचा क्लास काढायचा होता आणि मामांना पेंडीची पोती रचायची होती. घरातलं सगळं राजकारण त्या एका खोलीवर चालू होतं.

त्यातच माझा धाकटा भाऊ बसू पुण्याहून त्याच्या ऑफिसातला बाद झालेला कॉम्प्युटर टेम्पोत घालून घेऊन आला.

"अक्का, जुना आहे, पण चालतो," तो म्हणाला. आमच्याकडे हे वाक्य बैल विकताना म्हणतात, त्यामुळे मला काय ते कळलं.

मामा दारात उभे राहून डब्याकडे बघत होते.

"ह्या डब्याला एवढी मोठी खोली? अन् पोती काय डोक्यावर घेऊन फिरू?"

"मामा, पोरी शिकायला येतील."

"पोरी येतील तवा येतील. पेंड आजच आली हाय!"

आमचे हे अशा वेळी गल्ल्यावर जाऊन बसायचे. संसारात कोणाची बाजू घ्यायची हा प्रश्न त्यांनी असा कायमचा सोडवला होता.

जाताना बसूने मला दोन फ्लॉप्या दिल्या. "यात स्क्रीन सेव्हर आहे. कॉम्प्युटर थोडा वेळ रिकामा राहिला की आपोआप चित्र सुरू होतं. काच खराब होत नाही. आणि तुझ्या सासरच्यांना आवडेल असं चित्र आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिली फ्लॉपी घातली. आतून सुपारी कातरल्यासारखा आवाज आला आणि मग, 'जागा नाही'! मामांचंच म्हणणं कॉम्प्युटरनेही मांडलं होतं. जागा करायची म्हणून मी ह्यांना आदल्या रात्रीच सापडलेला पत्त्यांचा खेळ उडवला. (घरातला हा एकमेव खरा त्याग, तो ह्यांनी केला आणि त्यांना तो संध्याकाळी कळला.) दुसरी फ्लॉपी अर्ध्यात अडकली. बाहेर काढून फुंकर मारली, पदराने पुसली, परत घातली. डिप्लोम्यात हे शिकवलं नव्हतं, पण चाललं. मग चित्र आलं, तर महादेव हिरवेगार! रंगांचं सेटिंग बदलल्यावर निळे झाले. एवढं करून थकले आणि चहा ठेवायला आत गेले.

आधण येतंय तोवर आत्याबाईंची हाक आली, "सूनबाई! आगं पळ! महादेव आलेत!"

मी पळत गेले. काळ्या काचेवर हळूहळू एक डोंगर उजळत होता. बर्फाचा. त्यावर महादेव डोळे मिटून बसलेले आणि जटेतून गंगा खाली येत होती, खरोखरची वाहत होती. आत्याबाईंचे हात जोडलेले. हिशोब सोडून मामा आले, त्यांच्या पायात चप्पल नव्हती. कधी काढली, त्यांनाही कळलं नसावं.

खरं सांगते, ते मीच बसवलं होतं. कोणत्या फ्लॉपीतून काय आलं हे मला माहीत होतं. तरी त्या क्षणी अंगावर काटा आला. आपण हात काढून घेतला आणि त्या डब्यात कैलास उगवला, हे बघून मी पण हात जोडले.

मग माझ्यातला डिप्लोमा जागा झाला. "आत्याबाई, हे असं बंद होतं बघा," म्हणत मी माऊस हलवला.

महादेव गेले.

आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी माऊसवरचा हात पाठीमागे लपवला.

"कावून उठवलंस गं त्यांना? डोळे मिटून बसलते!"

त्या दिवसापासून कॉम्प्युटरला हात लावायची बंदी आली. सकाळी आत्याबाई कॉम्प्युटरला विभूती लावायच्या, समोर बेल ठेवायच्या आणि सगळ्यांना गप्प बसवायच्या. थोड्या वेळाने महादेव यायचे. शेजारणी दर्शनाला येऊ लागल्या. बिरूतात्या नावाचे आमचे मेंढपाळ गिऱ्हाईक पेंड न्यायला आले, तर मेंढरं गल्लीत सोडून तासभर खोलीत बसले. मेंढरांनी समोरच्यांची मेथी खाल्ली. तात्या हलले नाहीत.

"गप बसलं की येतो," ते मला हळूच म्हणाले. "बालाघाटावर बी तसंच हाय. कालवा केला की डोंगर बी दिसत न्हाई."

"तात्या, हे मी बसवलंय," मी म्हणाले.

"देवळाचा दगड बी कुनीतरी बसवलेलाच असतोय की."

 तात्यांची मुलगी जिजा बारावी झाली होती आणि तिला क्लासला यायचं होतं. तात्यांचं म्हणणं, बाकीच्या पोरी आल्या तर तीही येईल. बाकीच्यांच्या आईबापांचंही नेमकं तेच म्हणणं होतं. सगळे एकमेकांची वाट बघत होते आणि माझी खोली मधल्यामधे चालली होती.

शेवटी मामांनी निकाल काढला.

"बाजाराच्या दिवशी सगळ्या आईबापांना बोलवू. देवानं समद्यांसमोर दर्शन दिलं, की खोली तुझी. न्हाई दिलं, तर सांजच्याला पोती आत."

"मामा, मी त्यांना टायपिंग दाखवते ना! हिशोब दाखवते!"

"हिशोब मला बी येतो. देव दाखव."

बाजाराचा दिवस उजाडला. खोलीत सतरंजी, सतरंजीवर आईबाप, आईबापांमागे डोळे मोठे करून त्यांच्या मुली. बिरूतात्या नवा फेटा बांधून आले होते. आत्याबाईंनी त्या दिवशी पूजा साग्रसंगीत मांडली. धूळ बसू नये म्हणून कीबोर्डवर मी खणाचं झाकण शिवलं होतं. त्यावर त्यांनी विभूती ओढली, बेल वाहिला आणि मधोमध एक मोठा नारळ ठेवला.

"नारळ आधी ठेवायचा," त्यांनी पाहुण्यांना समजावलं. "नव्या तराजूवर बी आमी आधी ठेवतो. पहिलं गिऱ्हाईक आलं की फोडतो. आज देव आला की फोडू."

सगळे गप्प बसले. कॉम्प्युटर मात्र गप्प बसेना. आतून 'टूंऽ टूंऽ टूंऽ' असा बारीक आवाज येत होता.

"हे काय?" कोणीतरी विचारलं.

"डमरू असंल," तात्या म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, जुनं यंत्र आहे, खोकत असेल.

महादेव आले नाहीत. सगळे अजून जोरात गप्प बसले. डमरू चालूच. आत्याबाईंनी बेलाची आणखी एक जुडी वाहिली. एक बाई पिशवीतली केळी काढून नारळाशेजारी ठेवून आली. महादेवांचा पत्ता नाही. मामा दाराबाहेर बघू लागले. तिथे हमाल पोत्यांना टेकून बिडी ओढत होता.

"थांबा, मी बघते!" मी पुढे झाले. सगळी पूजा उचलून बाजूला ठेवली, सेटिंग उघडलं, पाच मिनिटांचं एक मिनिट केलं. तेवढ्यात आवाजही थांबला होता. माझ्या हाताला गुण आहे असं मला वाटलं. आत्याबाईंनी लगेच नारळ, बेल, केळी परत जागच्या जागी मांडली.

"रिकाम्या पाटावर देव कसा येईल?"

टूंऽ टूंऽ टूंऽ. मिनिट गेलं. दुसरं गेलं. एक बाप उठून चप्पल शोधू लागला. जिजा माझ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. तिला देव नको होता, तिला कीबोर्ड हवा होता. मला रडू फुटायला लागलं, म्हणून मी "आलेच" म्हणत तडक एसटीडी बूथवर पळाले.

"बसू, महादेव येईनात!"

"अक्का, हळू बोल. माऊस कोणी हलवतंय का?"

"श्वास पण कोणी हलवत नाहीये!"

"टूं टूं असा आवाज येतोय का?"

"येतोय! तुला कसं कळलं? व्हायरस आहे का?"

"एखादं बटण दाबलेलं राहिलं की तसा येतो. बटण दाबलेलं असलं की त्याला वाटतं कोणीतरी काम करतंय. मग चित्र येत नाही. कीबोर्डवर काही ठेवलंय का?"

मला रागच आला. "मी डिप्लोमा केलाय, बसू! कीबोर्डवर कोण काय ठेवेल? नुसती पूजा आहे!"

 पलीकडे बसू हसायला लागला. बूथचा मीटर पळत होता आणि तो हसत होता. माझ्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत हसला.

परत धावताना मला कोड्याची खरी गंमत कळली. देव आल्याशिवाय नारळ फुटणार नव्हता. नारळ हलल्याशिवाय देव येणार नव्हता. आणि मधे आत्याबाई बसल्या होत्या!

"आत्याबाई, नारळ उचला!"

"काय बोलतीस? मांडलेली पूजा मोडायची? मघाशी हात लावलास, म्हणून तर रुसलेत!"

सगळी सतरंजी माझ्याकडे वळली. आता त्यांना बटणं आणि दाब समजावत बसले असते, तर पोती माझ्या डोक्यावरूनच आत गेली असती. मी डिप्लोमा गुंडाळून ठेवला आणि सून झाले.

"आत्याबाई, पाहुणा जेवायला येणार असला, तर आपण चूल कधी पेटवतो?"

"आधीच की."

"पाहुणा दारात उभा राहिल्यावर पेटवली तर?"

"आल्या पावली जाईल."

"मग महादेवांना का ताटकळत ठेवायचं? नारळ आधी फोडा, प्रसाद तयार ठेवा. येतात का नाही बघा!"

आत्याबाई विचारात पडल्या.  टूंऽ टूंऽ चालू होतं. शेवटी मामांनीच घसा खाकरला.

"बराबर हाय पोरीचं. तराजूची गोष्ट येगळी, पाहुण्याची येगळी. आण तो नारळ हिकडं."

मामांनी नारळ उचलला. मी झाकणासकट केळी आणि बेल ओच्यात घेतले. आवाज बंद! गल्लीतल्या मेंढरांच्या गळ्यातली घंटी ऐकू येऊ लागली. मामा उंबऱ्याबाहेर गेले, नारळ कपाळाला लावला, पुटपुटले, आणि मग त्यांनी तो दगडावर आपटला.

फट्‌!

आणि काचेवर डोंगर उजळू लागला.

मिनिट नेमकं तेव्हाच भरलं होतं, हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी पदर डोक्यावर ओढला. बर्फ आला, महादेव आले, गंगा वाहू लागली. तात्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. चप्पल शोधणारा बाप हातात एक चप्पल घेऊन तसाच उभा राहिला. मामा दोन्ही हातांत नारळाची दोन भकलं घेऊन दारातच थबकले. पाणी त्यांच्या धोतरावर सांडत होतं.  जिजाने माझा हात धरला. 

त्या दिवशी सगळ्या मुलींची नावं नोंदली गेली. मामांनी जाहीर केलं, "खोली दिली!"

"मामा, उद्यापासून क्लास सुरू करते!"

"क्लास? क्लास गोदामात घे. खोली देवाला दिली."

ज्या गोदामात आणखी एक पोतं मावत नव्हतं, त्यात सगळ्या पोत्यांसकट माझा सगळा क्लास मावला. पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून मी पेंडीच्या पोत्यांवर टायपिंग शिकवलं. मुलींना खऱ्या कॉम्प्युटरला हात लावायला मिळायचा तो फक्त लाईट गेल्यावर. लाईट गेली की मामा दुकानातून हाक मारायचे, "सूनबाई, देव गेलेत! आण पोरींना!" मग मुली अंधाऱ्या काचेसमोर बसून बंद कॉम्प्युटरवर मन लावून सराव करायच्या.

शेवटी मी परीक्षा घेतली. त्यात एक प्रश्न होता : स्क्रीन सेव्हर येत नसल्यास काय कराल? सगळ्या मुलींनी एकच उत्तर लिहिलं : नारळ फोडू.

पैकीच्या पैकी द्यावे लागले. शेवटी मीही दुसरं काय केलं होतं!