नवीन लेखकांचा रॅक

लखनऊ कँटोन्मेंट हे माझं शेवटचं पोस्टिंग. एज्युकेशन कोरमध्ये मेजर होते; युनिटची लायब्ररी माझ्याकडे होती. दाराजवळच्या रॅकवर मी फक्त नवीन लेखक ठेवले होते. हिंदी अंक अमीनाबादच्या बाजारातून आणायचे, मराठी पोस्टाने मागवायचे.

नाईक संदीप कदम, साताऱ्याचा, ड्रायव्हर. ड्यूटी संपली की रॅकपाशी उभ्यानेच वाचायचा. एकदा म्हणाला, "मॅडम, याने शेवट उरकलाय. पण गडी पुढे चांगलं लिहील."

मी म्हटलं, तू लिहून दाखव. त्याने कथा लिहिली. छापायची परवानगी वरून मिळवायला मी अर्धं वर्ष भांडले. कोल्हापूरच्या एका नव्या मासिकाने कथा घेतली, तोवर त्याची बदली फॉरवर्ड एरियात झाली होती.

अंक आला त्याच आठवड्यात इन्स्पेक्शन होतं. आमचे कर्नल रॅकसमोर थांबले.

"मेजर, ये कौन लोग हैं? किसी ने नाम सुना है?"

"इसीलिए रखे हैं, सर."

"हटाओ. कुछ ढंग का लगाओ."

यात आपल्याच जवानाची कथा आहे, असं सांगून मी अंक पुढे केला. त्यांनी तो हातातही घेतला नाही. संध्याकाळी रॅकवर सोनेरी अक्षरांचे जाडजूड संच लागले. रद्दीत काढलेले अंक मी घरी नेले.

कदमचा फोन आला. लाइन खरखरत होती.

"आला का अंक?"

"आला. पान बावीस."

"चुका?"

"दोन. छापणाऱ्याच्या."

"मग ठीक."

"पोस्टाने पाठवू?"

"नको मॅडम. रजेवर आलो की रॅकवरूनच उचलतो. बाकीच्यांसारखा."

रॅक परत मिळावा म्हणून मी कर्नलांकडे दोनदा गेले. दोन्ही वेळा 'बाद में'. रजेच्या आधीच कदमची गाडी दरडीखाली गेली. बॉडी तिसऱ्या दिवशी मिळाली.

मग कर्नलांनीच मला बोलावलं. लायब्ररीत काचेचं कपाट करू, त्यात फोटो आणि तो अंक ठेवू. "हमारा लेखक था," म्हणाले.

"सर, आपने हटवाया था."

"मेजर, ये वक़्त है ये सब कहने का?"

"रॅक दीजिए, अंक ले लीजिए."

रॅक मिळाला नाही. मी अंक दिला नाही. त्या कपाटात आजही नुसता फोटो आहे.

रिटायर होऊन मी लखनऊतच, वृंदावन योजना या कॉलनीत राहते. तसाच एक रॅक करून माझ्या बाहेरच्या खोलीत ठेवलाय. शेजारपाजारचे येतात, अंक नेतात. कदमच्या अंकाचं कव्हर दोनदा फाटलं, चिकटवलं. त्याला कुलूप नाही. तो नवीन लेखकांतच ठेवलाय. नाईक संदीप कदम. पहिली कथा.