दोन्ही टोकांना गाठ

किस्से केबलींसारखे असतात. मशीनच्या मागं गुपचूप साचतात आणि एक ओढली की पाच हलतात! अमरावतीच्या एका कचेरीत मी वायरमन होतो, शिक्षण चौथी. जोडीला रफीकभाई, आणि वर इंगोले मॅडम, कॉम्प्युटरच्या इंजिनिअर. पिकं बुडण्याची ती वर्षं. गावोगावच्या मदतीच्या याद्या आमच्याच मशीनवर निघायच्या.

* * *

चार सर्व्हर आले. मॅडम म्हणाल्या, "हे चौघं मिळून एकच काम करतात. प्रत्येकाला वायरी दोन, दोन वेगळ्या यूपीएसवर. एक यूपीएस गेला तरी दुसरा सांभाळतो."

रफीकभाई बघतच राहिला. "चार सख्खे भाऊ, अन् भांडण नाही? मोतीरामभाऊ, हे आपल्या इकडचे नाही!"

* * *

डेटाची केबल रफीकभाई पाइपातून जोर लावून ओढत होता. मॅडम धावत आल्या. "अहो, केबल आहे, बैलाचा कासरा नाही!"

"मॅडम, बैल असता तर त्यानंच मले ओढलं असतं!"

* * *

अकोल्याच्या कचेरीत अर्थिंगचा खड्डा उन्हानं कोरडा पडला होता. ओल नसली की अर्थिंग काम करत नाही. आम्ही दोन बादल्या ओतल्या. शिपाई ओरडला, "इथं माणसाले प्याले पाणी नाही, अन् तुमी खड्ड्याले पाजून राह्यले!"

रफीकभाई म्हणाला, "चाचा, तो तहानला तर झटका तुमाले बसते."

दुसऱ्या दिवसापासून चाचा स्वतः पाणी टाकू लागला!

* * *

दसऱ्याला आमच्या कचेरीच्या मोठ्या साहेबांनी, राऊत साहेबांनी, मशीनला झेंडूचा जाड हार घातला. समोरच्या जाळीतून मशीन हवा घेते, ती जाळीच झाकली! पंखे घोंघावू लागले. साहेबांनी हात जोडले, "पावली!" मॅडमनी धावत जाऊन हार काढला.

* * *

मग माझी चूक. एक यूपीएस दुरुस्तीसाठी बंद केला होता. मॅडम समोरून म्हणाल्या, "डावीकडच्या वायरी काढा." मी मशीनच्या मागं उभा. माझ्या डावीकडच्या काढल्या, म्हणजे चालू यूपीएसच्या! चारही मशीन एकदम गप्प.

साहेब म्हणाले, "मोतीराम, पुन्हा असं झालं तर या खोलीत तुमचा हात लागणार नाही."

घरी बायको, शांता, आमच्या फुलांच्या दुकानासाठी हार गुंफत होती. ऐकून म्हणाली, "डावं-उजवं काहून म्हन्ता? एकाले लाल दोरा, एकाले पिवळा. दोन्ही टोकांले गाठ मारा."

मी तिच्याच रिळांतले दोरे नेले. प्रत्येक मशीनला एका यूपीएसची लाल वायर, दुसऱ्याची पिवळी, दोन्ही टोकांना गाठ. रफीकभाई हसला, "मशीनचं लगन आहे का?"

* * *

मदतीची मोठी यादी छापायचा दिवस. व्हरांड्यात तिवस्याचे शेतकरी सकाळपासून बसलेले. भरदुपारी भारनियमनानं लाईन गेली. लाल दोऱ्याचा यूपीएस एकदा किंचाळला आणि मेला!

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी पिवळ्या गाठींकडं.

"एक, दोन, तीन, चार!" मॅडम लहान मुलीसारख्या हिरवे दिवे मोजत होत्या. प्रिंटर खरखरतच राहिला. शेवटच्या नावापर्यंत!

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेब आमच्या फुलांच्या दुकानावर उभे. "वहिनी, चांगला हार द्या. मशीनला घालायचाय."

शांतानं हाराला हातच लावला नाही. दोऱ्याची दोन रिळं पुढं केली.

"फुलानं तिचा जीव गुदमरते म्हने, साहेब. हे घाला."