पर्यटक मास्तर

गणिताच्या मास्तरांना परदेशी शाळेत नोकरी लागली आणि त्यांचे पाय जमिनीला लागेनात. "वर्क परमिट हातात आल्याशिवाय निघू नका," असं शाळेने बजावलं होतं. पण वाट बघायची ती ऐऱ्यागैऱ्यांनी! मास्तर पर्यटक व्हिसावरच निघाले.

"अहो, विमानतळावर कुणी विचारलं तर?" बायको म्हणाली.

"फिरायला आलोय म्हणेन. तुला काय कळतंय त्यातलं!"

तिथल्या अधिकाऱ्याने अदबीने विचारलं, "सर, आपण काय करता?" झालं, 'सर' ऐकून मास्तर फुगले. नवी शाळा, वर्ग, पगार, सगळं ओकले. अधिकाऱ्याने त्यांना परतीच्या विमानात बसवलं. शाळेनेही नोकरी काढून घेतली.

आता मास्तर गल्लीभर सांगतात, "तिथलं हवामान मानवलं नाही."

ते हवामान त्यांनी विमानतळाच्या काचेतून पाहिलं होतं.