युरियाचं गार पाणी

लेकीचा पाय मुरगळला म्हणून मेडिकलमधून थंड पिशवी आणली. दाबली तशी आतली पुडी फुटली आणि पिशवी गारेगार झाली. वर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, युरिया. मला हसूच आलं.

नव्वदच्या दशकात गडमुडशिंगीत राहायचो. बारावीला मी रसायनशास्त्रात नापास झाले आणि आबांनी, माझ्या वडिलांनी, शिक्षण बंद म्हणून सांगून टाकलं. त्यातच दादा शहरातल्या शिवाजी पेठेत तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळून लंगडत आला. घोटा टम्म सुजलेला. दुसऱ्या दिवशी फायनल, गावात लाईट नाही, मग बर्फ कुठला?

मी उसासाठी आणलेलं युरियाचं पोतं उसवलं.

"उसाला घालायचं सोडून पोराच्या पायाला घालतीस व्हय?" आबा ओरडले.

"विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतंय ते. थांबा की जरा!"

साबुदाण्यासारखे दाणे ओंजळीनं पाण्यात टाकत मी ढवळत राहिले. ज्या धड्यानं मला नापास केलं, तोच धडा होता हा. थोड्या वेळात जुन्या पातेल्याला बाहेरून दंव धरलं. आबांनी बोट बुडवलं आणि झटकन काढलं.

"आयला, बर्फाबिगर गार हाय की!"

त्या पाण्याच्या घड्या घोट्यावर ठेवल्या तशी सूज उतरली, पण दादाला फायनल काही खेळता आली नाही. उरलेल्या पाण्यात आणखी दोन बादल्या ओतून आबांनी ते उसाला घातलं, आणि रिकामं पातेलं माझ्या हातात देत म्हणाले, "बस परत परीक्षेला."

"तुम्ही न्हाय म्हटला असता तरी बसणारच होते," मी म्हटलं.