मी अडतीसची नव्हते

साहेबांनी खिशातून पांढरा टिश्यू काढला आणि माझ्या भांगावरून फिरवला.

"मान खाली," म्हणाले. मी मान खाली घातली. कंपनीत पाहुणे येणार म्हणून नव्या टोप्या वाटत होते, त्यासाठी सगळ्या बायकांना जुन्या टोप्या काढून रांगेत उभं केलं होतं. चाकणचा उन्हाळा, वर पत्रा. केसांत घाम. साहेबांनी तो टिश्यू दोन बोटांत धरला आणि सगळ्यांना दाखवला. काळा झाला होता.

"बघा. रंग उतरतोय." मग लाइन लीडर पल्लवीकडे वळले. "हे जुनं सामान आज पाहुण्यांना दिसायला नको. हिला आणि त्या दुसरीला मागं बसव."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब तिशीचे असतील, माझ्या मुलीच्या वयाचे. आणि मीपण हसले. चेष्टा झाल्यासारखं हसले. तोंडाला ती सवय लागली होती.

मी मूळची परभणीकडची. गावात आमच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे. नवरा गेल्यावर लेकीला घेऊन पुण्याजवळ चिखलीत आले, पत्र्याच्या खोलीत राहिले. इथं कुणी जात विचारली नाही, तेव्हा वाटलं, सुटले. मग ठेकेदाराच्या माणसानं वय विचारलं.

"एक्केचाळीस," मी म्हणाले.

"चाळिशीच्या आतली पाहिजे कंपनीला. अडतीस लिहितो. पण दिसा तशा."

गेटपासवर अडतीस लिहिलं गेलं. ठेक्याचं काम म्हणजे दर वर्षी नवा पास. दर वर्षी अडतीस. अकरा वर्षं मी अडतीसची होते. लेकीचं लग्न झालं, ती नगरला गेली, तिला मूल झालं. नातू झाला हे मी लाइनवर कुणाला सांगितलं नाही. पेढे वाटले नाहीत. फोनमधला त्याचा फोटो फक्त घरी बघायची.

गाडीच्या आत वायरींचं जाळं असतं, त्याला हार्नेस म्हणतात. आम्ही ते बोर्डावर बांधायचो. पंचेचाळिशीनंतर मला बारीक वायरीवरची रेघ दिसेना. चष्मा घेतला, पण तो घरीच ठेवला. लाइनवर चष्मा लावला की वय दिसतं. कुठल्या खिळ्यावर कुठली वायर येते ते पाठ केलं. डोळ्यांचं काम बोटांना लावलं. पाळी थांबली तेव्हा अंगातून वाफा निघायच्या, ब्लाउज भिजायचा. पल्लवी विचारायची, "ताई, ताप आहे का?" मी म्हणायची, हो. दर महिन्याला चार दिवस पिशवीत पॅड ठेवायची, मुलींना दिसेल असं. माझ्यातलं जे सरलं होतं, तेसुद्धा मी चालू असल्याचं दाखवत होते.

एकदा नांदेडकडची एक नवी पोरगी म्हणाली, "मावशी, तेवढी टेप द्या ना." माझ्या डोक्यात सणक गेली. "मावशी कुणाला म्हणतेस? मावशी त्या झाडू मारणाऱ्या बाईला म्हण." ती झाडू मारणारी बाई तिथंच उभी होती. माझ्याच वयाची. तिनं ऐकलं आणि ती पुढं झाडत गेली. तेव्हा मला काही वाटलं नाही. आता वाटतं.

ती 'दुसरी' म्हणजे शमीम आपा. हे तिचं खरं नाव नाही. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, आमच्याच गल्लीतली. तिचा नवरा दुचाकी दुरुस्त करायचा. तो गेल्यावर तिलाही ठेकेदारानं 'तरुण' करून आत घेतलं होतं. दर रविवारी दुपारी ती माझ्या खोलीत यायची. जुन्या टॉवेलावर बसून आम्ही एकमेकींचे केस काळे करायचो. तिला तो रंग सोसायचा नाही. पापण्या सुजायच्या, मानेवर फोड यायचे. मी म्हणायची, एखादा रविवार राहू दे. ती म्हणायची, "लाव गं. एक रविवार राहिला तर सोमवारी गेटवर दिसतं." भाजीपासून सुनेपर्यंत सगळं आम्ही त्या टॉवेलावर बोललो. पल्लवीला पहिल्यांदा टेप गुंडाळायला शिकवलं तेही आम्ही दोघींनीच. ती आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि तिची टेप सारखी सुटायची.

त्या दिवशी तीच पल्लवी आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेली. रिकाम्या खोक्यांची खोली होती ती. खिडकी नव्हती. "अर्धा तासच ताई," म्हणाली. माझ्याकडे न बघता दार ओढून घेतलं. बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला.

आम्ही खोक्यांवर बसलो. आपाला साखरेचा आजार. तिला तासातासाला जावं लागायचं, आणि लाइनवरसुद्धा त्यासाठी ती पाणी प्यायची नाही. अर्धा तास झाला. तास झाला. ती उठली, बसली, पुन्हा उठली. मी दार वाजवलं.

"पल्लवी, आपाला बाथरूमला जायचंय."

बाहेरून हळू आवाज आला. "ताई, पाहुणे समोरच आहेत. साहेब मला काढतील. थोडं थांबा ना."

"नाही थांबवत तिला."

"दहा मिनिटं ताई. पाया पडते."

दहा मिनिटांनी पुन्हा वाजवलं. बाहेरून काहीच आलं नाही. भिंतीपलीकडं टाळ्या वाजत होत्या. पाहुण्यांचं स्वागत चाललं होतं. आपानं दोन्ही हातांनी पोट धरलं होतं. ओठ दाताखाली. मग ती म्हणाली, "तिकडं तोंड कर." मी भिंतीकडं तोंड केलं. मला आवाज ऐकू आला. मी कानावर हात ठेवले नाहीत, कारण ते तिला दिसलं असतं.

वळले तेव्हा ती एक खोकं फाडून जमिनीवर अंथरत होती. सलवार ओली, पायातले सँडल ओले. मी पण एक खोकं फाडलं. आम्ही दोघींनी मिळून ते पुसलं. आपा रडली नाही. एवढंच म्हणाली, "माझी नात पाच वर्षांची आहे. तीसुद्धा आता असं करत नाही."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. हो, ठेवला होता. तेव्हा दार बंद होतं.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. साहेब होते, मागं पल्लवी, तिच्यामागं खोकी न्यायला आलेल्या चार-पाच मुली. वास आला असणार. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"हे काय आहे? कोणी केलं हे?"

आणि मी दोन पावलं बाजूला सरकले.

"मी नाही," म्हणाले.

कुणी माझं नाव घेतलं नव्हतं. नुसतं विचारलं होतं. आपाची सलवार सगळ्यांना दिसत होती, सांगायची काही गरजच नव्हती. तरी माझ्या तोंडून निघालं. मला दुसरं काहीतरी म्हणता आलं असतं. कडी कुणी लावली, असं विचारता आलं असतं. हे सगळं मला नंतर सुचलं.

आपानं माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. आपल्या ओळखीचं माणूस समजून कुणाला हाक मारावी आणि ते भलतंच निघावं, तसं पाहिलं.

परतताना कंपनीच्या बसमध्ये ती बसली नाही. सीट खराब होईल म्हणून मागच्या दाराजवळच्या दांड्याला धरून उभी राहिली. मोशीत गाड्या तुंबल्या होत्या, बस तासभर हलली नाही. ती उभीच. मी पुढच्या सीटवर बसले होते. एकदाही मागं वळले नाही. उठून तिच्याजवळ जाऊन उभं राहायला मला काय झालं होतं? सात सीटांचं तर अंतर. ते मला ओलांडवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. रविवारीही आली नाही. पुढच्या रविवारी मी रंगाचं पाकीट फोडलं, वाटीत कालवलं आणि आरशासमोर बसले. हात वर जाईना. आरशात जी बाई होती ती अडतीसची नव्हती, बावन्नचीही नव्हती. तिला वयच नव्हतं. कडी लागली की गप्प बसणारी आणि कडी उघडली की बाजूला सरकणारी कुणीतरी होती. वाटी मी मोरीत ओतली. केस तसेच घेऊन सोमवारी गेले.

भांगात पांढरं दिसायला लागलं. आधी बोटभर, मग दोन बोटं. मुली बघायच्या. साहेबांनी एकदा बोलावून सांगितलं, "करून या, नाहीतर येऊ नका." मी तशीच जात राहिले, वर चष्माही आणायला लागले. वायरीवरची बारीक रेघ कित्येक वर्षांनी स्पष्ट दिसली. जेवणाच्या सुट्टीत पल्लवी आली. "ताई, माझं चुकलं."

"कडी तू लावलीस. बाजूला मी सरकले. मी हे सांगणार आहे, कामगार कार्यालयात. तू सांगशील?"

तिनं टोपी नीट केली आणि लाइनकडं गेली. तिचं नुकतंच लग्न ठरलं होतं. मी पुन्हा विचारलं नाही.

दोनेक महिन्यांनी नवा पास काढायची वेळ आली. ठेकेदाराच्या माणसानं न विचारताच अडतीस लिहिलं.

"बावन्न लिहा," मी म्हणाले.

"बावन्न लिहिलं तर पास नाही."

"मग नको."

त्यानं मला येडी झाली का असं बघितलं. अकरा वर्षांचं काम दोन शब्दांत संपलं. गेटबाहेर आले तेव्हा मला मोकळं वगैरे काही वाटलं नाही. बस न घेता मी रस्त्याच्या कडेनं बरंच चालत राहिले.

मग आपाच्या घरी गेले. सुनेनं दार उघडलं. आपा पलंगावर बसली होती, भांगाजवळ केस पांढरेशुभ्र, मानेवरचे फोड बरे झालेले. मी उभीच राहिले. तिनं बस म्हटलं नाही.

"आपा, माफ कर."

"मी खूप इचार केला," ती म्हणाली. "तुझ्या जागी मी असते तर काय म्हटलं असतं? मीपण घाबरले असते. गप बसले असते. पण 'मी नाही' म्हटलं नसतं."

मी म्हणाले, "मी तक्रार लिहितेय. तुझं नाव घालू का?"

"नाव नको. माझी पोरं आहेत, नातवंडं आहेत. बाकी सगळं लिही. तू काय म्हणालीस तेपण लिही. अर्धं लिहू नको." मग सुनेला म्हणाली, "दार लाव."

चहा विचारला नाही. त्या घरातून मी चहाशिवाय कधी परतले नव्हते.

आता मी मोशीत एका मेसमध्ये पोळ्या लाटते. कंपन्यांतली पोरं जेवायला येतात, मावशी म्हणतात. मी ओ देते. आपा गल्लीत दिसते. मी थांबते. ती थांबत नाही.

अर्ज लिहायला एका संघटनेतली शिकलेली बाई मदतीला होती. चांगली होती. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. सरकण्याच्या जागी आलो तेव्हा तिनं पेन थांबवलं.

"काकू, हे वाक्य नको. तुमची बाजू कच्ची पडेल. समोरचे वकील हेच धरतील. म्हणतील, बाई अकरा वर्षं वयसुद्धा खोटं सांगत होती."

"म्हणू दे," मी म्हणाले. "खोटं सांगत होतेच. लिहा."

तिनं लिहिलं. मी चष्मा लावून अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि खाली सही केली.

तारीख पडेल तेव्हा साहेब समोर असतील. ठेकेदाराचा माणूस असेल. पल्लवी असेल की नाही, माहीत नाही. आपा नसेल. मला माफी मिळणार नाही, आणि ती मिळावी म्हणून मी जातही नाही. मी उभी राहीन आणि आधी माझं वय सांगेन. मग टिश्यू, खोली आणि कडी. मग मी कुठल्या बाजूला सरकले ते. कुणी मध्येच थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून सांगेन.