यांचा नवस, माझे पाय

संकट आलं की माणूस आधी देवालाच बोल लावतो. मीही लावला. महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. आमच्या विहिरीला पाणी लागावं म्हणून यांनी धामणगाव बढ्याहून शेगावपर्यंत अनवाणी जायचा नवस बोलला होता, आणि पाणी लागलं. महाराजांच्या दर्शनाआधी गाडीत पाऊल ठेवायचं नाही. नेमका निघायच्या तोंडावर वांग्यांच्या वाफ्यात यांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. आमच्याकडे काट्यावर बिब्ब्याचा चटका देतात, तसा दिला आणि निघालो.

वाटेत पाय सुजला. बिब्बा उतला, अंगावर फुटला, दुसरं काय, असं म्हणून मी उतारा म्हणून खोबरं-तीळ वाटून थापले. मग यांना थंडी भरली. भर उन्हात दात वाजत होते, अंग तापलेलं, मधेच भलतंच बोलायचे.  महाराज, तुमच्याच वाटेवर हे काय मांडलं, म्हणून मी मनातल्या मनात भांडत होते.

नांदुऱ्याच्या अलीकडे एक म्हातारी बैलगाडी हाकत आली. ना ओळख ना पाळख. उतरून तिनं यांचं धोतर वर सारलं. टाचेपासून पोटरीवर लाल रेघ चढली होती. बिब्ब्यानं खाज सुटते, थंडी नाही वाजत, म्हणाली. तिचा दीर अशाच रेघेनं गेला होता. आधी दवाखाना गाठा म्हणाली. हे हटून बसले. नवस मोडला तर विहीर आटेल म्हणे. मला रडूच फुटलं.

म्हातारी माझ्याकडे वळली. "बाई, तू याची अर्धी हायेस ना? मंग तू पायी चाल, याले गाडीत टाक. नवस चालूच राह्यते."

यांनी माझ्याकडे पाहिलं. "चालशीन?"

मी हाव म्हटलं आणि गाडीमागं जवळजवळ धावतच निघाले.

नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी टाच चिरून पू काढला, पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू केली. विष रक्तात भिनत होतं, आणखी उशीर झाला असता तर माणूस हाती लागला नसता म्हणाले. म्हातारी कधी गेली, कळलंच नाही. ती कोण होती, यावर मी कोणाशी वाद घालत नाही.

ताप उतरल्यावर यांनीच मला पुढं शेगावला अनवाणी पाठवलं. समाधीपुढं उभी राहिले तर मागायचं काहीच आठवेना. कृपा कशी यावी हे आपणच ठरवून बसतो, आणि तशी आली नाही की रुसतो. त्या दिवशी मी ते ठरवणं महाराजांवर सोडलं. परतले तेव्हा हे खाटेवर उठून बसले होते. माझे फोड आलेले पाय त्यांनी मांडीवर घेतले आणि वाकून नमस्कार केला. मी ते मागं ओढले नाहीत.